डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनाआधीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, धंदा कपड्यांना रफू करण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, डोळ्याची खात्री देत नाही. मोतीबिंदूने कुणी मरत नाही हे मला ठाऊक आहे. पण उद्याच्या ऑपरेशननंतर लिहिता येईलच असं नाही.

१. राहत्या दोन खोल्या मुलीला.

२. सुया आणि धाग्यांचे डबे समोरच्या शिलाईवाल्या बाईंना. त्यांचा हात माझ्याहून साफ आहे. तोंडावर कधी कबूल केलं नाही, आता कागदावर घ्या.

३. धाकट्या दिरांना काहीही मिळू नये. माझ्या दोन्ही डोळ्यांत आतून जुनी सूज आहे. ती उतरवणाऱ्या थेंबांनीच मोतीबिंदू लवकर आणला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. उजव्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "तीन महिने डोळा शांत होता ना? नाहीतर थांबावं लागेल." महिन्यापूर्वीच तो लाल झाला होता. पण भाऊजींना त्यांच्या मुलीच्या लग्नाआधी सगळं उरकायचं होतं. "हो हो, एकदम शांत!" ते म्हणाले. ऑपरेशननंतर सूज उसळली आणि डोळा गेला. सात वर्षं मी त्यांच्याशी बोललेले नाही.

४. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तोच प्रश्न मला विचारला. मी "हो" म्हणाले. पाच आठवड्यांपूर्वी हा डोळाही लाल झाला होता. जुन्या बाटलीतले थेंब घालून गप्प बसले. सुईचं नाक दिसत नाही, अजून तीन महिने थांबणं माझ्याने होईना. मुलीलाही सांगितलं नाही. मला फार भीती वाटते आहे. भाऊजींनी केलं तेच मी केलं, आणि त्या दिवशी मलाही तोंड होतंच. कलम ३ रद्द.

पुरवणी: साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी वाचला. म्हणाले, "काकू, सही करतो. पण आधी डॉक्टरांना फोन लावा, नाहीतर मी लावतो." मी रडले, मग लावला. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. उद्या नको. तपासायला या, डोळा शांत झाला की तीन महिने पहिल्यापासून मोजू."

दुसऱ्या साक्षीसाठी भाऊजींना बोलावणं धाडलं. ते आले.

ठिकाण: राहतं घर. तारीख: ९ सप्टेंबर.
सही: (स्वहस्ते)
साक्षीदार १: औषध दुकानदार.
साक्षीदार २: धाकटा दीर. सगळं वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "वहिनी, कलम तीन तसंच ठेवा." मी ते कलम खोडलं, आणि त्यांनी सही केली.