हात बसणे

३ फेब्रु. ५९
आबा धानोऱ्याहून आला. माझा थोरला भाऊ. गाडीत उभ्यानेच आला, बसवत नाही. लघवी मधेच अडते, मग रक्त. वहिनी सोबत. दवाखान्यात सळई घालून पाहिलं. आत टक् वाजलं, मलासुद्धा ऐकू आलं. मूत्रपिंडातून उतरलेला खडा. खाली येऊन वाढला. सुपारीएवढा.

५ फेब्रु.
नवे डॉ. क. म्हणतात, चिरायचं नाही. लघवीच्या वाटेने लोखंडी चिमटा घालायचा, खडा आतच फोडायचा, धुऊन काढायचा. जुने डॉक्टर असंच करत. त्यांची नुकतीच बदली झाली.
विचारलं, "तुम्ही आधी केलंय?"
"पुष्कळ पाहिलंय."
बाहेर कंपाउंडर म्हणाला, हुशार आहेत, फक्त हात बसायचाय.
आबाने तेवढंच ऐकलं, चिरत नाहीत. "मंग काय, मास्तर? बैलले नाल ठोकतस, तो काय मरस?"

७ फेब्रु.
चिमट्यात खड्याबरोबर मूत्राशयाची भिंत आली. शेवटी पोट चिरलंच. डॉ. क. घामाने भिजलेले. "आतलं दिसत नाही. हातालाच कळावं लागतं." मग थांबून, "मला वाटलं, कळलं."

१० फेब्रु.
ताप. पोट फुगून दगड. आबा म्हणतो, "मास्तर, खडा निंघना का मीच निंघी ऱ्हायनू?"
वहिनी हसली. मीही.

११ फेब्रु.
आबा गेला.

२ मार्च
शाळा. आठवीला वाक्प्रचार. हात आखडणे, हात टेकणे, हात देणे. पुढे हात बसणे : सरावाने कौशल्य येणे. सराव कशावर, ते पुस्तकात नाही. वाक्यात उपयोग कुणाकडून करवून घेतला नाही. पुढच्या शब्दावर गेलो.

२१ नोव्हें. ६२
हॉटेलात चहा. मालक सांगत होता, डॉ. क. कडे मोलगीहून, पार डोंगरातून, जीप भरून माणसं येतात. "तेना हातले डोया शेतस, सर. चिमटा जास, खडा येस, माणूस दुसरा दिन पाय पाय घर."
हाताला डोळे. चहा संपवला.
आबा पहिला होता का? त्याच्यानंतर कोण? डोंगरातली माणसं तर विचारायलाही येत नाहीत. आपलं मेलेलं माणूस उचलतात आणि परत नेतात.

८ ऑक्टो. ६६
मलाही. तीच अडवणूक, तेच रक्त. आठ दिवस कुणाला बोललो नाही. फळ्याकडे तोंड करून उभा राहतो.

१२ ऑक्टो.
धुळ्याला जायचं ठरवलं. तिथे पोट चिरतात. चिरू देत. निदान काय करताहेत ते त्यांना दिसतं.
वहिनी आली. आता शेती तीच बघते. सगळं ऐकून घेतलं.
"भाऊ, धुळं कसाले? त्या डॉक्टरकडेच जा."
मी रागाने बघितलं असेल.
"मन्हा माणूस तेना हातमा शे," म्हणाली. आबा, त्या हातात. "जा."

१५ ऑक्टो.
दवाखाना. वहिनी बरोबर. डॉ. क. जाड झालेत, केस पांढरे. सळई इतक्या हलक्या हाताने घातली की टक् वाजलं तेव्हा कळलं. त्यांनी ओळख दाखवली नाही. मीही नाही. मी सात वर्षांपूर्वीचाच प्रश्न विचारला, "तुम्ही हे आधी केलंय?"
हसले. "मोजणं केव्हाच सोडलं."
शेजारी एक तरुण डॉक्टर. नवा. नखं स्वच्छ, नजर खाली.
डॉ. क. म्हणाले, "चिमटा उद्या हे धरतील. यांचा हात बसायचाय. मी शेजारी उभा राहीन."
मी त्या पोराच्या हाताकडे पाहत राहिलो.
"तुमची हरकत असेल तर मीच करतो. सकाळपर्यंत सांगा." दाराशी जाऊन वळले. "माझ्या शेजारी कुणी नव्हतं, मास्तर."
मास्तर. म्हणजे ओळखलं होतं.

दार उघडं आहे. वहिनी बाहेर बाकावर, पदरात डबा घेऊन. ती डॉ. क. च्या हातासाठी आली आहे. दुसऱ्या हाताचं तिला अजून सांगितलेलं नाही.