वाडगाभर शेवया आणि जळकी भिंत

ताइनान, सहाव्या महिन्याची चोविसावी तिथी

आदरणीय ताईस,

धाकट्या श्यू-लुआनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. क्वानयिन मातेच्या कृपेने तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि तुमच्या कोंबड्या ठीक असतील अशी आशा करते. मी पाठवलेलं आल्याचं तेल गुडघ्याला लावतेस ना? (बाटली रिकामी झाली तर टाकू नकोस, मला हवी आहे.) इकडे सर्व क्षेम आहे. हे बाजारातल्या ठेल्यावर रोजच्यासारखे मासे साफ करायला जातात, माझी पित्ताची तक्रार कमी आहे, आणि गेल्या पंधराव्या तिथीला आमच्या घराला आग लागली. घाबरू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं "अगं बाई, अगं बाई" करत राहतेस आणि मिनिटं माझी जातात. म्हणून शांतपणे लिहिते आहे.

पंधरावी तिथी म्हणजे माझा शाकाहाराचा दिवस. सकाळची पूजा आटोपून मी मागच्या अंगणात कारली धूत होते. आमचं देवघर कुठे आहे ते तुला माहीत आहेच, जिन्याला लागून असलेल्या भिंतीशी. (वर मालक च्वांग आणि त्यांची बायको राहतात. जिन्यातला दिवा त्यांच्याच मीटरवर आहे, तरी तो ते लावत नाहीत. बिल कमी येत नाही म्हणून गेली सहा वर्षं दोघं अंधारात चाचपडत चढतात आणि वीज कंपनीला शिव्या देतात.) देवापुढे मी विजेचे दोन लाल कमळदिवे, टोकाला लाल ठिणगी दिसते ती विजेची उदबत्ती आणि दिवसभर नाम जपणारी ती छोटी मंत्रपेटी ठेवते. तर मी कारली धूत असताना मंत्रपेटीचा आवाज एकाएकी जड झाला. मातेचं नाव ती इतकं खोल आणि सावकाश घ्यायला लागली की मला वाटलं साक्षात्कार होतोय. हात पुसून, डोळे मिटून मी तिथेच उभी राहिले. (त्यात दोन मिनिटं गेली, ती कोणाला सांगू नकोस.) मग वास आला. आत जाऊन बघते तर पेटी वितळून नाम घेत होती आणि भिंतीतून ज्वाळा येत होत्या.

बंब आठ मिनिटांत आला. त्यांचं काम चांगलं, पण पाण्याचा काही हिशोब नाही त्यांना. मी दारात उभी राहून "पुरे, पुरे" म्हणत होते. देवघराची भिंत, पडदा, छताचा एक कोपरा आणि यांचा हिवाळी कोट गेला. क्वानयिन मातेला मी आधीच छातीशी धरून बाहेर आणलं होतं. मूर्तीला इजा नाही, फक्त चेहरा काजळीने काळा झाला. गल्लीतल्या बायका धावत आल्या. मला वाटलं, विचारपूस करायला आल्या. त्या बंबाचा नंबर लिहून घेत होत्या, लॉटरीसाठी! भाजीवालीने तर आमचा घरनंबर, माझं वय आणि आग लागल्याची वेळ विचारली आणि मूर्तीच्या काळ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "माता रागावली आहे की प्रसन्न आहे, तेवढं सांग. त्यावर तिसरा आकडा ठरतो."

एवढ्यात च्वांगसाहेब भाडेकरार हातात घेऊन खाली आले. पायांत चपला नव्हत्या, पण करार होता, यावरून माणूस ओळख. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी त्या करारात स्वतःच्या हाताने एक ओळ घातली होती : देवघरात जिवंत ज्योत, उदबत्ती किंवा पूजेच्या कागदी नोटा जाळल्यास घर तात्काळ सोडावे. म्हणून तर मी विजेचे दिवे आणले. अकरा वर्षं देवाला लाल बल्ब दाखवताना माझा जीव खालीवर झाला, पण सही ती सही.

"मी लिहून घेतलं होतं, देवापुढे ज्योत नको!" ते ओरडले.

"मी लावलीच नव्हती. ती तुमच्या भिंतीतून आली," मी म्हणाले.

त्यावर गल्ली हसली, आणि तिथेच बिनसलं. गल्लीसमोर हसू झालेला घरमालक फार वाईट. संध्याकाळपर्यंत त्यांनी निरोप धाडला : महिनाअखेर घर रिकामं करा, आणि जाण्याआधी भिंत, छत नि तारा स्वतःच्या खर्चाने करून द्या. ताई, अकरा वर्षं या घरात संसार केला. यांचा ठेला इथून चालत पाच मिनिटांवर. या वयात नवं घर शोधायचं, नव्या मालकाला देव दाखवायचे! आणि खरी मेख मला दुसऱ्या दिवशी कळली. च्वांगसाहेबांच्या पुतण्याला तळमजल्यावर कॉफीचं दुकान काढायचं आहे. तो पोरगा केसांची शेंडी बांधून बघायला आला, जळक्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "काकू, ही रंगवू नका हं. लोक हिच्यासमोर फोटो काढतील." माझं देवघर जळलं आणि याला सजावट मिळाली.

आता मुख्य गोष्ट ऐक. सोळाव्या तिथीला सकाळी च्वांगवहिनी जिन्यावरून खाली आल्या, हातात झाकलेला मोठा वाडगा. आत डुकराच्या पायाच्या शेवया, वर लाल अंडं. बिचारी हळवी आहे. "खाऊन घ्या, अवदसा जाऊ दे," म्हणाली आणि डोळे पुसत वर गेली. मी आणि ह्यांनी निम्म्या निम्म्या खाल्ल्या. (मीठ कमी होतं.) नशीब बघ, एक दिवस आधी आल्या असत्या तर माझा शाकाहार होता, मला शिवताही आल्या नसत्या. खाऊन झाल्यावर सवयीप्रमाणे देण्याघेण्याची वही काढली, आणि नोंद करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अशा शेवया नेतो कोण? धक्का मारणारा स्कूटरवाला ज्याचा पाय मोडला त्याच्या घरी नेतो. ज्याची चूक, तो नेतो. मी "मिळाले" च्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : वाडगा एक, च्वांग यांजकडून, चूक कबूल केल्याबद्दल.

मग वाडगा घासून, पुसून, वर परत नेला आणि च्वांगसाहेबांचे आभार मानले. म्हटलं, "तुमचा मोठेपणा. एवढ्या लवकर कबूल करणारा मालक मी पाहिला नाही." त्यांना आधी कळेना. कळल्यावर त्यांनी बायकोकडे असं पाहिलं की ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन बसली. "त्या सांत्वनाच्या शेवया होत्या!" ते म्हणाले. मी म्हटलं, वाडग्यावर तसं कुठे लिहिलं होतं? ते म्हणाले, मग परत करा. मी म्हटलं, उशीर झाला.

प्रकरण गल्लीप्रमुख वेंगबाईंकडे गेलं. वेंगबाई आमच्या गल्लीतून तीनदा निवडून आलेल्या आहेत. डास मारायच्या औषधापासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळं त्यांच्याकडे जातं. त्यांनी आधी सरकारी पुस्तिका काढली. कायदा म्हणतो की घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम, आणि आगीचं नुकसान भाडेकरूने भरायचं ते फक्त त्याचा निष्काळजीपणा डोळ्यांवर येण्याइतका मोठा असेल तर. मला फार बरं वाटलं. मग बंबखात्याचा कागद आला : भिंतीतली तार जुनी, वरचं कापडी वेष्टण झडलेलं, आणि तिच्यावर झेपेल त्याहून जास्त भार. च्वांगसाहेबांनी "भार" या शब्दावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"कसला भार?" मी म्हटलं. "दोन दिवे, एक उदबत्ती, एक मंत्रपेटी. नाकतोड्याएवढं वजन. तुमच्या वडिलांनी घातलेली तार तुम्ही एकदा तरी बघितलीत का?"

"माझ्या वडिलांचं नाव घेऊ नका!"

"मी तारेचं घेतलं."

वेंगबाईंनी टेबलावर पंखा आपटला. त्यांचं म्हणणं, कायदा काय सांगतो ते कळलं, पण तुम्ही दोघं एका जिन्यावर राहता, कोर्टात गेलात तर नातवंडांच्या लग्नापर्यंत भांडाल, तेव्हा भूमीदेवाला कौल लावा. च्वांगसाहेब लगेच तयार झाले. (का होणार नाहीत? देवळाच्या नव्या पत्र्यावर त्यांचं नाव आहे. मी तसं बोलून दाखवलं. वेंगबाई म्हणाल्या, भूमीदेव पत्रा बघून कौल देत नाही. असेल, पण पत्रा मोठा आहे.)

देवळात गेलो तर प्रश्न काय विचारायचा यावरच तास गेला. देव हो किंवा नाही एवढंच बोलतो, म्हणून प्रश्न नेमका हवा. च्वांगसाहेबांना विचारायचं होतं, "शेवया सांत्वनाच्याच होत्या ना?" मला विचारायचं होतं, "माफीच्याच होत्या ना?" आमचे हे कोपऱ्यात उभे राहून एवढंच म्हणाले, "मीठ कमी होतं ते विचारू या का?" (अकरा वर्षांत देवळात त्यांनी काढलेला हा पहिला शब्द.) शेवटी दोन्ही विचारायचं ठरलं. च्वांगसाहेबांनी कौलाच्या लाकडी चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही उताण्या. म्हणजे देव नुसता हसला, उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा टाकल्या. पुन्हा हसला. मग मी नाव, पत्ता, वय सांगून टाकल्या. माझ्याही उताण्या. एकदा, दोनदा, तीनदा. भूमीदेव आमच्या दोघांवर इतका हसला की पुजारी आतून बघायला आला.

तेव्हा वेंगबाई पुढे झाल्या. "शेवया जाऊ द्या," म्हणाल्या. "च्वांग, तुम्ही टाका, म्हणजे उद्या कोणी म्हणणार नाही की बाईने हात फिरवला. प्रश्न मी सांगते : दुरुस्ती झाल्यावर या कुटुंबाने याच घरात परत यावं का?" च्वांगसाहेबांनी टाकल्या. एक उताणी, एक पालथी. होकार. दुसऱ्यांदा होकार. सलग तीन पडले तरच कौल पक्का. तिसऱ्यांदा टाकताना त्यांनी डोळे मिटले, आणि ताई, मीही मिटले. दुसरं घर शोधायचं म्हटलं तर माझ्यात जोर उरला नव्हता. तिसऱ्यांदा चंद्रकोरी पडल्या तेव्हा आधी वेंगबाईंचा श्वास ऐकू आला, मग मी बघितलं. एक उताणी, एक पालथी. सलग तीन. खुद्द मालकाच्या हातून.

तिथेच सगळं ठरलं. तारा, भिंत, छत मालकाने नवं करायचं. घर राहण्याजोगं होईपर्यंत भाडं नाही. काजळी पुसणं आणि देवघराचा रंग आमच्याकडे. पुतण्याला कॉफीसाठी दुसरी जळकी भिंत शोधावी लागेल. आणि वेंगबाईंच्या सांगण्यावरून मीही च्वांगांकडे शेवयांचा वाडगा नेला. बेताचं मीठ घालून. झाकणावर चिठ्ठी लावली : केवळ सांत्वनार्थ. च्वांगवहिनी हसल्या. साहेबांनी चिठ्ठी जपून ठेवली आहे असं ऐकते. काहीच टाकून देणारे नाहीत ते. तेवढ्यापुरतं आमचं जमतं.

यातून मला एवढं कळलं की मनाने आणि वागण्याने सरळ असलं की देव वाऱ्यावर सोडत नाही. भावोजींना नमस्कार. मातेची काजळी मी लिंबाच्या पाण्याने काढते आहे, आता नाक दिसू लागलं आहे.

तुझी धाकटी बहीण,
श्यू-लुआन

ता. क. : नव्या तारांचा अंदाज घ्यायला आलेल्या मिस्त्रीने एक विचित्र गोष्ट सांगितली. देवघरातला प्लग आमच्या मीटरवर नाहीच म्हणे, जिन्यातल्या दिव्याच्या मीटरवर आहे. मला हे माहीत होतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी मॅट्रिक झालेली साधी बाई, मला तारांतलं काय कळतं. तूही कोणाला बोलू नकोस.

ता. क. २ : तू विचारशीलच, म्हणून लिहिते. त्या प्लगला दिवे, उदबत्ती आणि पेटीखेरीज भाताचा कुकर, पंखा, इस्त्री आणि हिवाळ्यात ह्यांचं पाय शेकायचं यंत्र एवढंच लावलेलं असे, सगळं एका एक्स्टेंशनच्या जोडपट्टीवर. देवाच्या साक्षीने सांगते, याहून एक वस्तू जास्त नाही. कोणी विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते. भूमीदेवानेही विचारलं नाही.

ता. क. ३ : सातवा महिना भुताखेतांचा, त्यात मिस्त्री भिंतीला हात लावत नाही आणि कोणी घर हलवत नाही. त्यामुळे काम आठव्या महिन्यात सुरू होऊन नवव्यात संपेल. म्हणून हा महिना संपायच्या आत, म्हणजे येत्या गुरुवारी, मी, हे आणि माता तुझ्याकडे येतो आहोत. कोंबड्यांची काळजी मी घेईन. भावोजींना आगीची भीती वाटते हे ठाऊक आहे, त्यांना सांग की आम्ही जिवंत ज्योत लावत नाही. फक्त तुझ्या पाहुण्यांच्या खोलीत प्लग किती आहेत ते कळव. एकच असला तरी चालेल, मी नवी जोडपट्टी घेतली आहे. आणि शेजारच्या वाण्याची भिंत तुमच्या त्याच खोलीला लागून आहे ना? तर तो प्लग नक्की कोणाच्या मीटरवर आहे, तेही सहज बघून ठेव.