सईचा निरोप

९ जानेवारी, मुलुंड

संध्याकाळी भाचा नितीन, त्याची बायको आणि छोटी सई भेटायला आले. सुमन गेल्यावर पहिल्यांदाच. नितीन बराच वेळ गॅलरीत फोनवर होता. निघताना दोघांनी न बोलता चपला घातल्या. सई मात्र दारात वळून म्हणाली, "आजोबा, येते हं."

आईने तिचा दंड ओढला. "कोणी गेलेल्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत. शाळेत काय शिकवतात गं तुला?"

"पण सुमनआजीनेच शिकवलंय. जाते नाही म्हणायचं, येते म्हणायचं."

खरंच, सुमननेच शिकवलं होतं, याच दारात. मी तरी का गप्प बसलो?

"मग आपण परत नाही यायचं?" सईने लिफ्टपाशी विचारलेलं ऐकू आलं. आईने तिला गप्प केलं.

रीत असेल, नाही कशाला म्हणू. पण सुमनच्या आजारपणात नितीन प्रत्येक फोनवर "येतो मामा" म्हणायचा. एकदाही आला नाही. तेव्हा त्याचा दंड कोणी ओढला नाही. "येते हं" मनापासून म्हणाली ती सई, आणि ओरडा तिलाच.

दार लावलं. अर्धी वाटी तांदूळ धुऊन कुकर लावला.