पिस्टनच्या पिना

३ मार्च
आला एकदाचा विमान खात्याचा आदेश! एका बॅचच्या पिस्टनच्या पिनांना आतून तडे जाऊ शकतात. बदलल्याशिवाय विमान उडवायचं नाही, म्हणजे नाही. आमच्या इंजिनात नेमक्या त्याच! नव्या यायला आठवडा तरी जाईल. साहेबांनी कपाळाला हात लावला. बेटावरून आजारी माणसं आणायला हे एकच विमान—आणि चालवणारा माझाच दादा. "इंजिन ठणठणीत आहे गं," म्हणाला. असेलही. पण उड्डाणाआधी इंजिनिअर म्हणून सही माझी लागते. नाही केली.

५ मार्च
जेवताना मीठ माझ्या हाताशी, तरी दादाने वहिनीकडे मागितलं. मीही सरकवलं नाही. वहिनी वैतागली—"तुमची भांडणं तिकडेच ठेवून येत जा बाई!" खरंच आहे तिचं.

७ मार्च
सकाळी बेटावरून फोन. वहिनीच्या वडिलांना, तात्यांना, हृदयविकाराचा झटका. दादा धावतच हँगरमध्ये आला. "चिमे, सही कर! एकच फेरी!" साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. हो म्हणेनात, नाही म्हणेनात. दादाने माझ्यापुढे हात जोडले. मला सायकल शिकवणारा दादा!

म्हटलं, "समुद्रावर इंजिन बंद पडलं तर? तू, तात्या, नर्स—सगळेच जाल."

"नाही पडणार."

"कशावरून?"

त्याने इंजिनावर थाप मारली. पडेलच, असं मलाही कुठे सांगता येत होतं? पेन खिशातून काढलंच नाही.

तात्यांना लाँचने आणलं. धक्क्याला लागायच्या आधीच गेले.

८ मार्च
वहिनी माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

१३ मार्च
नव्या पिना आल्या. बसवल्या. जुन्या तपासायला प्रयोगशाळेत पाठवल्या, नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. आणि मी मेली मनातल्या मनात काय मागतेय? तडा निघू दे! एकीला तरी निघू दे! विमानात दोष नसावा म्हणून पगार घेणारी मी. लाज वाटते स्वतःची.

२० मार्च
दादा आला तो थेट स्वयंपाकघरात. बूटही काढले नाहीत. "दोन पिनांना तडे निघाले. चिमीने सही केली असती ना, तर तात्यांबरोबर मीही गेलो असतो."

वहिनीने गॅस बंद केला. मग येऊन माझ्या गळ्यात पडली. "काय काय बोलले गं तुला मनात!" हमसून हमसून रडलो दोघी. दादा दारात उभा, माझ्याकडे न बघता. त्याला रडारड सहन होत नाही.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२३ मार्च
प्रयोगशाळेतून फोन. "मॅडम, त्या पिना परत पाठवायच्या का? एकीलाही तडा नाही. तुमच्या दादांना सांगितलं होतं की मागेच!"

म्हटलं, "नका पाठवू."