ज्वारीवर हरभरा

प्रिय पोरी,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. आम्हीच तुझं दुसरं लग्न लावून दिलं. आता कुठे तू तिथे रुळते आहेस. तिथे जुन्या सासूचं पत्र कशाला?

पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. यंदा पावसाने दगा दिला. शेजाऱ्यांची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. तू गेल्या वर्षी हरभरा पेरलास त्या पट्ट्यातली आपली ज्वारी मात्र कणसांनी भरली आहे.

माझा मुलगा गेला त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू ह्यांना सरळ म्हणालीस, "बाबा, दरवर्षी ज्वारी घेऊन जमीन दमली आहे. एकदा हरभरा घेऊ, तिला सावरू द्या."

हे भडकले, "लोक हसतील!"

"हसू देत. हसण्याने पीक करपत नाही."

कुठून आणलंस गं एवढं बळ? मला तर अंथरुणातून उठवत नव्हतं.

काल हे शेतातून आले नि म्हणाले, "सूनबाईला विचार, पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात काय घ्यायचं?"

"अहो, ती आता दुसऱ्या घरची."

"म्हणून काय शेताची कुणी नाही?"

मी आत जाऊन फोन हातात धरून बसले. नंबर लावला नाही. बाहेर येऊन सांगितलं, "हरभरा म्हणते."

"मला वाटलंच होतं," हे म्हणाले. मग हळूच, "बरी आहे ना ती?"

मी म्हटलं, "सुखात आहे."

एवढं तरी खरं असू दे, पोरी.

तुझी,
दुसरा शब्द सापडत नाही म्हणून अजूनही सासूच