उपवासकाळातला माझा विश्वासवृद्धी प्रोग्रॅम

२८ फेब्रुवारी १९७९, बुधवार. शहापूर.
प्रार्थनेसाठी डोळे मिटले असता नाकावर डास बसल्यास ख्रिस्ती माणसाने काय करावे, यावर आजवर एकाही आचार्याने भाष्य लिहिलेले नाही. धर्मशास्त्रातली ही गंभीर उणीव आहे. आज ताराचंदकडच्या प्रार्थनासभेत हा प्रश्न मी उजव्या नाकपुडीवर सोसला. हात उचलणे मंडळीतल्या ज्येष्ठाला शोभत नाही. त्यात ताराचंदचे घर तळ्याच्या काठावर, आणि जागेश्वरची साक्ष संपता संपेना.

जागेश्वर म्हणजे हायवेवरचा पंक्चरवाला. आमच्या नऊ घरांच्या मंडळीत दर बुधवारी साक्ष देतो तो हाच. आज देवाने त्याचा हरवलेला पाना शोधून दिला. मागच्या बुधवारी बकरी. सृष्टीचा निर्माता याच्या दुकानात कामाला लागला आहे की काय! बायका मात्र पदर डोळ्यांना लावतात. मी हायस्कुलात संस्कृत शिकवतो, नागपूरच्या दैनिकाला बातम्या पाठवतो, प्रार्थनेत एक विशेषण दोनदा येऊ देत नाही. माझ्या प्रार्थनेला कोणी रडत नाही. लोकांचा विश्वास उथळ झाला, दुसरे काय.

संकल्प. आज उपवासकाळ सुरू. ईस्टरपर्यंत विश्वासवृद्धीचा शिस्तबद्ध प्रोग्रॅम. पहाटे पाचला प्रार्थना. शुक्रवारी उपवास. कुणाचाही उपहास नाही (जागेश्वरसुद्धा). मंडळीपुढे एक नमुना असावा, एवढाच हेतू.

बायको, रत्ना, म्हणते, गळ्यावर गाठ आली आहे. पाहिली. सुपारीएवढी. काही नाही ते. प्रोग्रॅमचा आणि याचा संबंध नाही.

१ मार्च, सकाळी ७.२०
पाचचा गजर झाला. बंद केला. प्रार्थना अंथरुणातच केली असावी. नक्की आठवत नाही, पण उठल्यावर मन शांत होते, म्हणजे झालीच.

३ मार्च
वेळ बदलून सहा. गुडघे टेकले. स्तुतीचे पहिले वाक्य फार सुरेख साधले. विसरू नये म्हणून उठून लिहून ठेवले. मग दुसरे सुचले. शाळेच्या वेळेपर्यंत तीन पाने झाली, समासांसकट. प्रत्यक्ष प्रार्थना राहिली, पण मजकूर तयार असल्यावर ती केव्हाही करता येते.

९ मार्च, शुक्रवार
उपवास. बातमीसाठी अड्याळच्या बाजारात गेलो. धानाच्या भावाची चौकशी करताना व्यापारी केशवरावांनी आलूबोंडे पुढे केले. नाही म्हटले असते तर ख्रिस्ती माणूस गर्विष्ठ असतो असा त्यांचा ग्रह झाला असता. साक्षीखातर चार खाल्ले. पुढल्या शुक्रवारी दोन वेळचा उपवास करून भरपाई.

१४ मार्च, बुधवार
सभा आमच्याकडे. आमची रीत अशी, की आधी प्रत्येक घराने आपली विनंती सांगायची, मग कोणीतरी त्या विनंतीसाठी प्रार्थना करायची. ताराचंदची म्हैस आटली. चंद्रकलाच्या पोराची मॅट्रिक. माझी तीन पाने खिशात.

मग रत्ना बोलली. गळ्याची गाठ वाढते आहे, गिळताना दुखते, असे म्हणाली. मला दुखण्याचे सांगितले नव्हते. मी खाकरलो, उभा राहिलो. ती म्हणाली, जागेश्वरभाऊंनी करावी.

जागेश्वर हाताला ग्रीस तसेच ठेवून उठला. म्हणाला, "बापा, आमची वहिनी बिमार आहे. तुले मालूम आहे ना? मंग काहून चूप बसून राहिला? हात लाव तिले. लाव ना बापा." संपली. विशेषण एकही नाही, स्तुती नाही, उपकारस्मरण नाही. परमेश्वराकडे थकलेली उधारी मागावी तसा रागावला. सगळे रडले. रत्नाही.

मी चहाचे पाहायला आत गेलो. चहा आधीच झालेला होता.

१५ मार्च
रत्ना तांदूळ निवडत होती. सहज विचारल्यासारखे विचारले, की घरात ज्येष्ठ असताना पंक्चरवाला कशाला. तिने सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, "तुमी प्रार्थना बोलता ना, तं मले पेपर वाचून राहिल्यासारखं वाटते."

अग्रलेख की बातमी, ते विचारले नाही.

नवा संकल्प. साध्या भाषेत प्रार्थना. प्रोग्रॅम मूळचाच चांगला आहे, थोडी दुरुस्ती हवी होती.

२० मार्च
साधी प्रार्थना. "देवा, रत्नाला..." इथपर्यंत उत्तम. पुढे काय म्हणावे ते ठरेना. बरी कर म्हणावे, तर देव विचारील, का, काय झाले तिला? मग ते सांगावे लागेल. सोडून दिले. साधेपणा अंगी बाणायला वेळ लागतो. चंचुप्रवेश तर झाला.

२६ मार्च
भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गाठ चाचपली. नागपूरला न्या, म्हणाले, काढावी लागेल, मग तपासायला पाठवतील. मी त्यांना आरोग्यसेवेवरच्या माझ्या लेखमालेबद्दल सांगितले. ते म्हणाले, उशीर करू नका. आता गाठ लिंबाएवढी दिसते. उजेडाचा फरक असेल.

८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा)
पाळकसाहेब आजारी, म्हणून उपदेश माझ्याकडे. विषय मीच निवडला, विश्वास. पंचावन्न मिनिटे बोललो. विश्वासाच्या चार पायऱ्या सांगितल्या, प्रत्येकीला संस्कृत नाव दिले. वासुदेवराव घोरले. ही एकाग्रतेचीच एक अवस्था. खाली उतरलो तर जागेश्वरने हात धरला. म्हणाला, मोठं भारी बोलले गुरुजी, आता ह्या चारपैकी वहिनीच्या कामाची कोणती ते सांगा. खोचक माणूस. नसेलही. तोंड सरळ होते त्याचे.

प्रोग्रॅमचा आढावा. पहाटेच्या प्रार्थना: मोजण्यासारख्या नाहीत. उपवास: अड्याळनंतर नाहीच. उपहास: वर पाहावे. तरी एकंदर प्रगती समाधानकारक.

१५ एप्रिल, ईस्टर
उपासना झाली. दुपारी पिशवी भरली. उद्याच्या सकाळच्या एस.टी.ने नागपूर. रत्ना खाटेवर बसली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आज तुमीच करा एक डाव. साधी करा. मले समजली पायजे."

तिचा हात धरला. गार होता. डोळे मिटले. आणि बाहेर आले, हे अनाद्यनंत, करुणावरुणालय. एकदा ते सुरू झाले की आपोआप चालते, मला थांबवता येत नाही. ती शेवटपर्यंत थांबली. आमेन म्हणाली. मग विचारले, टॉवेल ठेवला का पिशवीत?

तिच्यासाठी मागितले काहीच नाही, हे माझ्या आमेननंतर लक्षात आले. पुन्हा डोळे मीट म्हणायची लाज वाटली.

१७ एप्रिल, नागपूर. हॉस्पिटलचा व्हरांडा.
साडेआठला आत नेली. जाताना तिने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात खाऊन घ्या म्हणाली. खाल्ले नाही. हा उपवास धरायचा की नाही, ठाऊक नाही.

प्रार्थना करायला बसलो. एक शब्द आला नाही. विशेषणेसुद्धा नाहीत.

उठून तारघरात गेलो. तार केली. जागेश्वर, पंक्चर दुकान, हायवे, शहापूर. रत्नाला आत नेली. लवकर प्रार्थना कर. खिडकीतल्या माणसाने विचारले, पाठवणाऱ्याचे नाव काय घालू. गुरुजी म्हणालो. मग म्हटले, नको, रत्नाचा नवरा घाला.

अकरा वाजले. दार अजून बंद आहे. हा प्रोग्रॅम मंडळीसाठी नव्हता. विश्वास वाढला की नाही, याचीही मला काळजी नाही. मला भीती वाटते की रत्ना मरेल. इतके दिवस एवढेच होते.