चिमणीचा संरक्षण कोर्स

सोमवार, ३ ऑगस्ट
चिमणी शाळेतून रडत आली. दंड काळानिळा. नववीतली हॉकीवाली तिला बाथरूममध्ये गाठते, डबा हिसकावते, डोकं भिंतीवर आपटते. माझं रक्तच उकळलं. ही म्हणाली, उद्या वर्गशिक्षिकेला भेटू. मी म्हटलं, तक्रारी रडूबाई लोक करतात. पोरीला मीच तयार करणार. बाप कशाला असतो मग?

मंगळवार, ४
कोर्स सुरू. हॉलमधला सोफा सरकवला. मूठ कशी वळायची, नाकावर नेमका कुठे ठोसा मारायचा, सगळं शिकवलं. चिमणी म्हणाली, मला मारामारी नाही करायची बाबा. सुरुवातीला सगळेच असं म्हणतात.

बुधवार, ५
हल्ला सांगून येत नसतो! आंघोळ करताना सुचलं. तेव्हा आजपासून घरात हॉकीवालीचं काम माझ्याकडे. चिमणी बूट काढत होती, दारामागून झडप घालून वेणी खेचली. किंचाळली. प्रतिकार शून्य. ही मला वाट्टेल ते बोलली. हिला ट्रेनिंगमधलं काय कळतंय?

शनिवार, ८
जेवताना तिचं ताट हिसकावलं. मग पॅसेजमध्ये गाठून भिंतीला दाबलं, जरा जोरातच. तिने स्टीलची बाटली माझ्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, पुढचा दात हलतोय. कोर्स लागू पडला! डोळ्यांत पाणी आलं. आनंदानेच असणार.

मंगळवार, ११
लेव्हल टू. डोक्यावरून चादर टाकून आवळलं, दोन धपाटेही घातले. बराच वेळ थरथरत होती. समजावलं की हे सगळं प्रेमापोटी चाललंय. मान हलवली. समंजस आहे पोर, माझ्यावर गेलीय.

शुक्रवार, १४
भीती पार पळाली! शाळेत जायला रडणारी मुलगी आता शाळा सुटली तरी वाचनालयात बसून राहते, शिपाई कुलूप लावेपर्यंत. याला म्हणतात रिझल्ट. इतर मुलांसाठीही क्लास काढावा. मेव्हण्याला फोनवर आयडिया सांगितली, त्याने फोनच ठेवला. जळतो.

रविवार, १६
ही हल्ली चिमणीच्या खोलीत झोपते. आतून कडी लावून. मला पलंग मोकळा मिळतो.

मंगळवार, १८
शाळेतून बोलावणं. सत्कारबित्कार असेल म्हणून नवा शर्ट घातला.

समुपदेशक मॅडम भेटल्या. म्हणाल्या, हॉकीवालीचं प्रकरण मिटलंय. चिमणीने ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला स्वतःहून सांगितलं होतं. हॉकीवालीच्या आईवडिलांना बोलावलं, बाथरूमपाशी बाई उभ्या राहू लागल्या, हॉकीवालीलाही मॅडम स्वतः रोज भेटतात. मी म्हटलं, सांगायचं धाडस माझ्या कोर्समुळेच आलं. मॅडमनी विचारलं, मग अंगावरच्या ताज्या खुणा कसल्या? मी कोर्स लेव्हलवार समजावून सांगितला. त्या भराभर लिहून घेत होत्या. बरं वाटलं.

मग त्यांनी चिमणीला आत बोलावून विचारलं, तुला काही सांगायचंय? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शाळेतलं थांबलं. आता घरचं थांबवाल का?"

मॅडम म्हणाल्या, तूर्तास तुम्ही दुसरीकडे राहा आणि दर आठवड्याला मला भेटायला या. बाहेर ही उभी होती, माझी बॅग भरूनच आणली होती.

निघताना चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून हात उचलला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हात खाली घेतला. ताईकडे आलोय.